बंद खोलीत हवा किती बदलते? ट्रेसर वायूने वायुवीजन मोजण्याची पद्धत

जून लागला की जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, खानापुरात आणि बेळगाव शहरातही पश्चिमेकडच्या खिडक्या बंद होतात. वाऱ्याबरोबर पावसाची झड थेट आत येते. पुढचे तीन-चार महिने शाळेचा वर्ग, दवाखान्यातली बसायची खोली, वडगाव-शहापुरातली मागाची खोली, निपाणीकडची तंबाखूची वखार यांतली माणसे बंद जागेतच वावरतात. या काळात आत ताजी हवा किती येते, हे डोळ्यांनी कळत नाही. खिडकीचे माप घेऊनही कळत नाही, कारण बंद खोलीत हवा फटींतून येते. उघड्या खिडकीशी वाऱ्याचा मीटर धरला तरी उपयोग थोडाच. एकाच खिडकीच्या खालच्या भागातून हवा आत येते, वरच्या भागातून बाहेर जाते आणि मीटरचा आकडा दर सेकंदाला बदलतो. मंगळुरी कौलांच्या शेकडो फटींना तर मीटर लावणारच कुठे?

ट्रेसर वायूची पद्धत हा प्रश्न उलट बाजूने सोडवते. ओळखता येईल असा थोडा वायू खोलीत सोडायचा, हवेत नीट मिसळू द्यायचा आणि तो किती वेगाने कमी होतो ते नोंदवायचे. हवा कुठल्या फटीतून आली आणि कुठून गेली, हे माहीत असण्याची गरज नाही. वायू कमी झाला म्हणजे तेवढी बाहेरची हवा आत आली.

कुठला वायू वापरावा

प्रयोगशाळांत पूर्वी सल्फर हेक्झाफ्लोराइड सर्रास वापरत. अगदी कमी प्रमाणातही तो मोजता येतो, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त आहे आणि मोजणारे यंत्र महाग असते. घर, शाळा, दवाखान्यासाठी कार्बन डायऑक्साइडच घ्यावा. तो स्वस्त आहे, सहज मिळतो आणि त्याचा सेन्सर काही हजार रुपयांत येतो.

उदबत्ती किंवा धूप इथे चालत नाही. धुराचे कण भिंतीवर, कपड्यांवर बसतात, त्यामुळे हवा न बदलताही धूर कमी होतो आणि वायुवीजन आहे त्याहून चांगले दिसते. हवा कुठून आत येते आणि कुठे ओढली जाते, ही दिशा पाहायला मात्र उदबत्तीसारखे दुसरे साधन नाही. मापनाआधी दाराच्या फटीशी, व्हेंटिलेटरपाशी आणि एक्झॉस्ट फॅनपाशी ती एकदा धरून पाहावीच.

कार्बन डायऑक्साइडची अडचण एकच, पण ती मोठी आहे: तो आपणही सोडतो. शांत बसलेला मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर सोडतो. ३.६ × ३ × ३ मीटरच्या, म्हणजे सुमारे ३२ घनमीटरच्या खोलीत एक माणूस बसून राहिला, तर तासाभरात ५५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ५५० भागांची) भर एकट्याने घालतो. म्हणून मापन चालू असताना खोलीत कोणी नको. समई, निरांजन, मेणबत्ती, गॅसची शेगडी काहीही पेटलेले नको.

याच्या उलटही घडते. सणाआधी भिंतीला नुकताच चुना मारला असेल, तर ओला चुना कार्बन डायऑक्साइड शोषतो. चुना पक्का होतो तो याच वायूमुळे. अशा खोलीत काही आठवडे मापन करू नये. वायू भिंतीत जाईल आणि तुम्हाला तो खिडकीतून गेला असे वाटेल. ताज्या सिमेंट गिलाव्यालाही हेच लागू.

सेन्सर

इन्फ्रारेड पद्धतीचा किंवा फोटोअकौस्टिक (प्रकाशाने वायूत उठणाऱ्या आवाजावरून मोजणारा) सेन्सरच घ्यावा. सेन्सिरियॉनचे एससीडी३० आणि एससीडी४१, विन्सेनचा एमएच-झेड१९, सेन्सएअरचा एस८ हे सहज मिळणारे. खोक्यावर ‘ईसीओटू’ लिहिलेली स्वस्त यंत्रे आणि एमक्यू-१३५ घेऊ नयेत. ती कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज सांगतात. फोडणी दिली तरी त्यांचा आकडा उडतो.

घेतलेल्या सेन्सरमध्ये आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, आपोआप शून्य जुळवण्याची सोय. अनेक सेन्सर मधल्या काळातले सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा असे धरून स्वतःला ४०० पीपीएमला जुळवून घेतात. बंद खोलीत चार दिवस ठेवलेला सेन्सर असा चुकीच्या शून्यावर जातो. ही सोय बंद करावी. दुसरी, नोंदीचा वेग. दर १० सेकंदांनी वाचन साठवणारा हवा. पाच मिनिटांची सरासरी देणारा या कामाचा नाही. ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, एसडी कार्ड आणि पॉवर बँक एवढ्यात काम होते. पॉवर बँक लावल्याने वीज गेली तरी नोंद तुटत नाही, दाराखालून वायरही ओढावी लागत नाही.

बेळगावला उंचीचा मुद्दा आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि इथला हवेचा दाब सरासरी ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, सपाटीपेक्षा आठ-नऊ टक्के कमी. उंची न भरलेला सेन्सर साधारण तेवढ्याच टक्क्यांनी कमी वाचन देतो. ज्यात उंची किंवा दाब भरता येतो त्यात तो भरावा. नाही भरता आला तरी वायू किती वेगाने विरतो त्यावरून हवाबदल काढण्याची पद्धत, जी पुढे ‘हिशोब’मध्ये दिली आहे, बिघडत नाही, कारण तिच्यात दोन वाचनांचे गुणोत्तर घेतात आणि सारख्या टक्केवारीची चूक वर-खाली कटते. शून्याची चूक मात्र कटत नाही. म्हणून बाहेरच्या हवेचे वाचन त्याच सेन्सरने, त्याच दिवशी, मापनाच्या आधी आणि नंतर घ्यायचे. पुस्तकातला ४२० किंवा ४३० हा आकडा इथे उसना घेऊ नये. सकाळी शेजारपाजारचे बंब पेटलेले असतात किंवा रस्त्यावर गर्दी असते, तेव्हा दाराबाहेरची हवाच ५०० च्या घरात असू शकते. बंब विझल्यावरची वेळ निवडावी.

घरातल्या एका खोलीला दोन सेन्सर, वर्गाला तीन ते चार. सुरुवातीला सगळे शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास चालवावेत आणि एकमेकांतला फरक लिहून ठेवावा.

खोलीचे घनफळ

स्लॅबच्या खोलीचे सोपे: लांबी × रुंदी × उंची, त्यातून कपाटे आणि पेटीचा पलंग वजा. कौलारू घरात भिंतीच्या उंचीत, भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. भिंत २.४ मीटर आणि वर आढे १.८ मीटर असेल तर सरासरी उंची ३.३ मीटर.

जुन्या घरांत एक गोष्ट फसवते. माजघर आणि शेजारची खोली यांमधली भिंत बऱ्याचदा आढ्यापर्यंत जात नाही, वरून दोन्ही खोल्या एकच असतात. अशा खोल्या वेगळ्या मोजायचा प्रयत्न करू नये. वायू भिंतीवरून पलीकडे जातो, तिथे साठतो आणि थोड्या वेळाने परत येतो. आतली सगळी दारे उघडी ठेवावीत, प्रत्येक खोलीत पंखा आणि सेन्सर ठेवावा आणि पूर्ण घर एक जागा धरून मोजावे. स्लॅबच्या घरातही शेजारच्या खोलीत एक सेन्सर असावा. तिथले वाचन वाढत गेले तर तुमचा वायू बाहेर न जाता शेजारी चालला आहे.

वायू किती आणि कसा सोडायचा

बाहेरच्या पातळीपेक्षा २,००० पीपीएम वर जायचे, एवढे पुरते. घनफळाला ०.००२ ने गुणले की लागणारा वायू घनमीटरमध्ये मिळतो. ३२ घनमीटरच्या खोलीला ६५ लिटर. बेळगावच्या दाबाला आणि २५ अंशांना एक लिटर कार्बन डायऑक्साइड सुमारे १.६४ ग्रॅम भरतो, म्हणजे १०६ ग्रॅम.

एवढा वायू स्वयंपाकघरातल्या सामानातून निघतो. ८४ ग्रॅम खायच्या सोड्यातून ४४ ग्रॅम वायू मिळतो, म्हणून १०६ ग्रॅमसाठी सुमारे २०० ग्रॅम सोडा आणि १७० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूफूल. व्हिनेगरने हेच करायचे तर तीन लिटरच्या वर लागेल. सोडा आणि लिंबूफूल कोरडेच बादलीत मिसळावे, बादली टेबलफॅनसमोर स्टुलावर ठेवावी आणि अर्धा-पाऊण लिटर पाणी थोडे थोडे ओतावे. फेस चांगला वर येतो, म्हणून बादली किमान १० लिटरची हवी. वायू फेसाबरोबर दोन-तीन मिनिटांत सुटतो. फेस बसला की बादली खोलीबाहेर न्यावी. पाण्यात विरघळलेला वायू नंतर हळूहळू सुटत राहतो आणि आलेखाचा उतार कमी दाखवतो.

७.५ × ६ × ३.२ मीटरच्या, म्हणजे १४४ घनमीटरच्या वर्गाला २८८ लिटर, सुमारे ४७० ग्रॅम वायू लागतो: ९०० ग्रॅम सोडा, ७५० ग्रॅम लिंबूफूल, तीन बादल्यांत वाटून. याहून मोठ्या सभागृहाला किंवा वखारीला सिलिंडरच बरा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या आणि फॅब्रिकेशनवाल्यांना हा वायू नवा नाही. सोडियम सिलिकेटच्या वाळूचे कोअर कडक करायला आणि मिग वेल्डिंगला तोच लागतो. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा. मिनिटाला २५ लिटर सोडले तर वर्गाचा वायू १२ मिनिटांत जातो. १० लिटरच्या वेगाने अर्धा तास लागेल आणि तेवढ्यात बराच वायू फटींतून निघून जाईल.

सुक्या बर्फाने काम झटपट होते, पण तिथे हात आखडता ठेवावा. एक किलोपासून इथे सुमारे ६०० लिटर वायू होतो. ३२ घनमीटरच्या खोलीत तो सगळा सोडला तर पातळी १९,००० पीपीएमच्या आसपास जाते. आठ तासांच्या कामासाठीची मान्य मर्यादा ५,००० आहे आणि ४०,००० ला जिवाला धोका मानतात. तो बंद गाडीतून आणू नये, उघड्या हाताने धरू नये, घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवू नये. लहान खोलीला सोडाच पुरेसा आहे.

प्रत्यक्ष मापन

खोली ज्या स्थितीत मोजायची तशी लावून घ्यावी: ‘सगळे बंद’, किंवा ‘पूर्वेच्या खिडकीची एक फळी उघडी आणि दार बंद’. ही स्थिती कागदावर नेमकी लिहावी. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत ‘पूर्ण उघडी’ म्हणजे निम्मीच उघडी, म्हणून उघड्या फटीची रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहावी.

सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, सुमारे १.१ मीटरवर, भिंतीपासून अर्धा मीटर तरी दूर ठेवावेत. दार, खिडकी आणि पंख्याच्या झोतात नकोत. बाहेर दहा मिनिटे ठेवून बाहेरचे वाचन घ्यावे. पावसाळ्यात बाहेरून आणलेल्या सेन्सरवर दव धरू शकते, त्याला आत १५ मिनिटे स्थिरावू द्यावे.

वायू सोडताना छताचा पंखा आणि टेबलफॅन चालू ठेवावेत. कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून खाली बसतो, अशी समजूत आहे. बादलीच्या तोंडाशी तो खाली वाहतो हे खरे, पण एकदा हवेत मिसळला की हजारात दोन भाग इतका विरळ वायू पुन्हा वेगळा होऊन जमिनीवर उतरत नाही. म्हणून सगळे लक्ष मिसळण्याकडे द्यावे. खोलीतल्या सगळ्या सेन्सरची वाचने सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत आली की हवा एकजीव झाली. तोवर मापन सुरू झाले असे धरू नये. त्यानंतर छताचा पंखा बंद करावा, कारण तो खिडकीजवळची हवा ढवळून बाहेरची देवाणघेवाण वाढवू शकतो. एखादा टेबलफॅन कमी वेगावर, तोंड कोऱ्या भिंतीकडे करून चालू ठेवावा. खोली रोज पंखा लावूनच वापरत असतील, तर पंख्यासकट दुसरे मापन करावे.

सगळ्यांनी बाहेर पडावे, दार लावावे आणि वेळ लिहावी. आतली-बाहेरची उष्णता, वाऱ्याची दिशा, पाऊस चालू की थांबलेला, हेही त्याच ओळीत. वायू सुरुवातीच्या वाढीच्या पाचव्या हिश्शापर्यंत आला की थांबावे. घट्ट खोलीला तीन-चार तास लागतील, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या असतील तर दहा मिनिटे.

हिशोब

प्रत्येक वाचनातून बाहेरचे वाचन वजा करावे. उरते ती वाढ. सुरुवातीची वाढ भागिले नंतरची वाढ, त्याचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरचे ln), भागिले मधले तास: हा तासाला होणारा हवाबदल, म्हणजे खोलीच्या घनफळाएवढी बाहेरची हवा तासात किती वेळा आत आली तो आकडा.

उदाहरण घेऊ. वरच्याच वर्गात बाहेर ४३०, सुरुवात २,२३० आणि अर्ध्या तासाने १,१५०. वाढ १,८०० वरून ७२० वर आली. गुणोत्तर २.५, त्याचा लॉग ०.९१६, भागिले ०.५ म्हणजे १.८३. घनफळाने गुणले की तासाला २६४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ७३ लिटर बाहेरची हवा. वर्गात ४० मुले आणि एक शिक्षक असतील तर माणशी १.८ लिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर सांगितले आहे. तेवढ्यासाठी या वर्गात तासाला दहाच्या आसपास हवाबदल लागतील.

दोनच वाचनांवर विसंबू नये. स्प्रेडशीटमध्ये सगळ्या वाढींचा लॉग काढून वेळेसमोर आलेख करावा. सरळ रेष आली तर तिचा उतार हेच उत्तर.

बाहेरचे वाचन ५० ने कमी धरले गेले तर काय होते ते पाहा. १,८०० ते ७२० या टप्प्यात उत्तर साधारण ४ टक्क्यांनी चुकते. तेच मापन १०० पीपीएमच्या वाढीपर्यंत ओढत नेले, तर चूक १३ टक्क्यांवर जाते. शेपटी लांबवली की अचूकता वाढते असे वाटते, प्रत्यक्षात ती घटते.

रेष वाकली तर ती काहीतरी सांगत असते. सुरुवातीलाच वाक असेल तर वायू मिसळला नव्हता किंवा सेन्सर अजून मागे होता. पहिली तीन-चार मिनिटे वगळावीत. एससीडी४१ ला बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पकडायला मिनिटभर लागते, एससीडी३० ला २० सेकंद. हा उशीर रेष मागे सरकवतो, पण खोली सेन्सरपेक्षा बरीच संथ असेल तर उतार बदलत नाही. शेवटी रेष आडवी होत गेली तर बाहेरचे वाचन बदलले, शेजारच्या खोलीतून वायू परत आला किंवा आत कोणी डोकावले. मधेच मोडली तर वारा फिरला किंवा दार उघडले. अशी रेष सरासरीत दडपू नये, दोन तुकडे वेगळे काढावेत. तासाला २० ते ३० हवाबदल असतील तर ही पद्धत अपुरी पडते. खोली दोन-तीन मिनिटांत रिकामी होते. तिथे ‘वीसपेक्षा जास्त’ लिहून थांबणे प्रामाणिक आहे.

भरलेल्या वर्गात ताळा

मुले हीच वायूचा स्रोत धरून उत्तर पडताळता येते. दहा-बारा वर्षांचे मूल बसून तासाला अंदाजे १३ लिटर सोडते. चाळीस मुलांचे ५२० लिटर, भागिले २६४ घनमीटर, म्हणजे १,९७० पीपीएमची वाढ. बाहेरचे ४३० धरून २,४०० च्या आसपास, शिक्षकामुळे किंचित जास्त. मात्र या पातळीला पोचायला दीड तासाहून अधिक लागतो. चाळीस मिनिटांचा तास संपताना १,८०० दिसले म्हणून वर्ग चांगला ठरत नाही, तो अजून चढतच असतो. इथे प्रत्यक्ष आकडा लागतो, गुणोत्तर नव्हे, म्हणून उंचीची दुरुस्ती केलीच पाहिजे.

एक्झॉस्ट फॅन आणि चिमणी

पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. सहा इंची नळी, दोन कोपरे आणि तेलकट जाळी लागल्यावर तो बराच उतरतो. चिमणीच्या तोंडाशी मिनिटाला २ लिटर वायू सोडावा आणि बाहेर नळीच्या टोकाला वाढ मोजावी. वाढ ४०० पीपीएम असेल तर २ भागिले ०.०००४, म्हणजे मिनिटाला ५,००० लिटर, तासाला ३०० घनमीटर. वायू पंख्याच्या आधी सोडावा, म्हणजे पातीच तो मिसळते. नळीच्या टोकाला मध्यभागी आणि कडेला वाचने सारखी आली पाहिजेत. फ्लोमीटरपेक्षा वजनावर विसंबावे: लहान सिलिंडर काट्यावर ठेवून अर्ध्या तासात सुमारे १०० ग्रॅम घटले तर वेग बरोबर आहे. शेगडी बंद, खिडकीची एक फळी उघडी. खिडकी बंद ठेवून हेच पुन्हा मोजले की प्रवाह किती पडतो ते दिसते. हवा आत आली नाही तर पंखा बाहेर काय फेकणार?

न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथल्या मापनाचा वापर ‘चालेल’ असे ठरवायला कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीव घेतो आणि एका दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशी टिकत नाही. गिझर बाहेरच बसवावा.

मापन कधी करावे

प्रत्येक जागेचे किमान दोन दिवस: एक मार्च ते मे मधला, एक जुलै-ऑगस्टमधला. कोरड्या दिवसात कौलारू घराचा आकडा मोठा येतो, कारण तापलेली हवा आढ्यातून निसटते. पावसाळ्यात आत-बाहेरची उष्णता जवळजवळ सारखी असते आणि वारा पडला की तेच घर कोंडते. निर्णय जुलैच्या, वारा पडलेल्या दिवसाच्या आकड्यावर घ्यावा. छज्ज्याखालचा उतरत्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर, पूर्वेकडची झडीपासून वाचलेली खिडकी दिवसभर उघडी, समोरासमोर दोन जागा, यांपैकी एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच त्याच दिवशी पुन्हा मोजावे. नोंद अशी असावी: ‘वर्ग, १४४ घनमीटर, पूर्वेची एक फळी ४० सेंमी उघडी, दार बंद, वारा मंद पश्चिमेचा, पाऊस चालू, बाहेर ४३५ आणि ४४०, तासाला ४.१, तीन सेन्सर.’ एवढ्या ओळीवरून पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालाही तेच मापन तसेच पुन्हा करता येते.